सहा टॉवेल आणि एक टोपी

सोलापूर,
गुरुवार, सकाळची पाळी सुटल्यावर

ती. मायाक्का आक्कास,

बिरुदेवचा आणि तुझ्या भावजयीचा, केराचा, वाकून नमस्कार. आम्ही दोघं अंगाला मीठ आणि चपलांत वाळू घेऊन काल सुखरूप पोचलो. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवाही दुखायला लागला असेल तर घाबरू नकोस. डावा बरा होत आल्याची ती खूण असते असं आमच्या युनिटमधला चन्नवीर म्हणतो. त्याचे दोन्ही दुखतात.) दाजींचा मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले, म्हणजे हिरवी पट्टी निघाली असेल, पण वाचायला मनाई असणार. तेव्हा हे पत्र तूच मोठ्यानं वाच आणि दाजींना ऐकव. ओळ गाळू नकोस. फोन का केला नाही असं ते विचारतीलच. फोनवर दाजी दर वाक्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणतात, आणि या प्रकरणात मुद्दा इतका शेवटी येतो की तोवर त्यांनी फोन ठेवलेला असतो. चन्नवीरचा मेहुणा उद्या अकलूजला निघालाय, त्याच्या हाती पाकीट देतोय.

विषय तुम्हाला ठाऊक आहेच, तरी सुरुवातीपासून मांडतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. प्रियदर्शनीसाठी दोन स्थळं. एक मोहोळचं. खतांचं दुकान, दुमजली घर, दाजींच्या मनात भरलेलं, आणि येत्या रविवारी ते लोक सुपारी फोडायला यायचे आहेत. दुसरं मंगळवेढ्याकडचा सिद्धाप्पा, आपल्यातलाच, शिकलेला, पण नोकरी कोकणात समुद्रावरच्या हॉटेलात. 'हाटेलातल्या पोराला मी पोरगी देणार न्हाय,' असं दाजी म्हणाले, आणि उद्या कुणी बोल लावू नये म्हणून मामानं एकदा जाऊन बघून यावं असंही तेच म्हणाले. पोराला कळू न देता बघायचं. तो पितो का, माणसांशी कसा वागतो, आणि ते हॉटेल पुढच्या वर्षी उभं राहणार आहे का, एवढं तपासायचं आणि रविवारच्या आत काय ते सांगायचं. भाचीचं सगळं आयुष्य माझ्या हो-नाहीवर टांगून मी आणि केरा शनिवारी रात्रीच्या गाडीला बसलो. बुकिंग प्रियदर्शनीनंच मोबाइलवर करून दिलं. मामा-मामी लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हिंडायला चाललेत, एवढंच तिला सांगितलं होतं. तिनं मान वर न करता खोली समुद्राकडची घेतली.

हॉटेलचं नाव सागरतारा. पाटीवरची दोन अक्षरं वाऱ्यानं नेलीत आणि उरलेल्यांपैकी एक लोंबतंय. इमारत माझ्या वयाची असावी, पण माझ्याइतकी टिकलेली नाही. लोखंडी जाळीची लिफ्ट आहे, तिच्यात लिफ्टवाल्याचं स्टूल आहे, लिफ्टवाला नाही. (तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्याबरोबर लिफ्टही थांबली असं कळलं.) गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येतं, गार नळाला काहीच येत नाही, आणि गरम पाणी पाहिजे असेल तर खाली सांगावं लागतं, मग बादली येते. एसीचा आवाज जुन्या यंत्रमागासारखा. मी तीस वर्षं मागाच्या आवाजात काढली, मला बाळासारखी झोप लागली, केरा मात्र उशी कानावर घेऊन पडली. पण दाजी, खिडकी उघडली की समोर समुद्र. मधे रस्ता नाही, भिंत नाही, कुणाची गच्ची नाही. चाळीस पावलं टाकली की पाय पाण्यात (मी मोजली, केराची बावन्न झाली). मागं रस्त्याला लागून नव्या चकचकीत हॉटेलांची रांग आहे, तिथल्या लोकांना दोन छपरांच्या फटीतून समुद्र बघायचा तर मान वाकडी करावी लागते. तेव्हा हॉटेल उभं राहणार का, याचं उत्तर असं की इमारत कदाचित पडेल, पण जागा कुठं जात नाही, आणि त्या जागेवर माणसं येत राहणार. केरा त्या पाण्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'एवढं पानी हितं, आन् आपल्याकडं टँकरला नंबर लावायचा.' मग पाण्यात उतरताना तिनं माझा हात धरला. पंचवीस वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं, हे दाजींनी ऐकलं तरी चालेल.

गुप्तपणाचं म्हणशील तर तो पहिल्या पाच मिनिटांत संपला असावा, पण आम्हाला तसं वाटलं नाही. काउंटरवर सिद्धाप्पाच उभा होता. फोटोतल्यापेक्षा बारीक, केस नीट, कानात काही नाही. मी ठरवल्याप्रमाणं सांगितलं की आम्ही लातूरचे, भांड्यांचा धंदा. त्यानं आधारकार्ड मागितलं. मी दिलं. त्यानं ते वाचलं, ज्याच्यावर बिरुदेव हे नाव, अक्कलकोट रोडचा पत्ता आणि माझा चेहरा तिन्ही छापलेलं आहे, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'लातूर का? बरं.' आणि रजिस्टरात लिहिलं. पोरगा बोलण्यात भोचक नाही, ही नोंद मी मनाशी तिथंच केली. मग त्यानं दोघांच्या मनगटाला हिरवा प्लास्टिकचा पट्टा बांधला. पट्टा असला की नाश्ता, जेवण, चहा, भजी, सगळं यातच, वेगळं काही द्यायचं नाही. केराला पट्टा बांधल्यावर तिच्या ऑपरेशनची आठवण झाली आणि ती उगीच सावकाश चालायला लागली.

आता नाश्त्याचं सांगतो, कारण पोराची परीक्षा तिथं झाली. मोठा हॉल, टेबलांवर पंचवीस प्रकार, आपलं आपण घ्यायचं. आम्ही आठला बसलो. इडली, पोहे, पपई, आणि वरून केरानं पिशवीतून काढलेली शेंगाचटणी. साडेआठला आमचं झालं. पण दाजी, पंगतीत आपलं झालं म्हणून उठत नाहीत, सगळ्यांचं झालं की सगळ्यांनी मिळून उठायचं. हे तुम्हीच मला शिकवलंत. (माझ्या लग्नात मी तीन माणसं आधी उठलो होतो, ते तुम्ही अजून काढता.) म्हणून आम्ही बसून राहिलो. पलीकडच्या टेबलावरच्यांचं झालं, तर दारातून नवीन माणसं आली. त्यांचं होत आलं, तर पोहून आलेलं एक कुटुंब ओल्या अंगानं येऊन बसलं. तेवढ्यात वेटरनं आमच्या रिकाम्या ताटल्या उचलून नेल्या. पंगत उठायच्या आधी पुढचं ताट नेणं म्हणजे केवढा अपमान, तुम्ही जाणता. केराचा चेहरा उतरला. ती गेली आणि दोन नव्या ताटल्या वाढून घेऊन आली, नुसतं बसायचं कसं म्हणून. त्याही नेल्या. आम्ही तीनदा नाश्ता केला. सव्वादहा झाले, माझा पट्टा मनगटाला घट्ट व्हायला लागला, आणि माणसं काही संपेनात.

हे सिद्धाप्पा काउंटरवरून बघत असावा. तो आला, एक ताटली घेतली, त्यात एकच इडली घेतली आणि आमच्यासमोर बसला. काही विचारलं नाही, हसला नाही. सावकाश इडली संपवली, पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'झालं सगळ्यांचं. उठायचं का?' मग आम्ही तिघं एकदम उठलो. आक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (चटणीचंही असेल.) मोठमोठ्या घरांतली पोरं मी बघितलीत, पण म्हाताऱ्या माणसांची फजिती त्यांच्या लक्षातही येऊ न देता सावरून घेणारा हा पहिलाच. तो माणसांशी कसा वागतो, या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं.

राहिलं पिण्याचं. संध्याकाळी सहा वाजल्यापासून समुद्राकडच्या ओट्यावर तेही यातच असतं. पोरगा पितो का हे बघायचं तर जिथं पितात तिथं बसायला पाहिजे, आणि तिथं नुसतं बसणं संशयास्पद दिसलं असतं. तेव्हा तपासाचा भाग म्हणून मी एक बिअर घेतली. तो ट्रे घेऊन फिरत होता, सगळ्यांना देत होता, स्वतः घेत नव्हता. नीट खात्री करायला मी दुसरी घेतली. तू घे म्हणून त्यालाही आग्रह केला, तो म्हणाला, 'मी घेत न्हाय, कामावरबी न्हाय आन् घरीबी न्हाय.' तिसरी मी का घेतली हे मला सांगता येणार नाही. पुढचं केराकडून कळलं. मी उभं राहून बारमधल्या माणसाच्या खांद्यावरचा नॅपकिन ओढला आणि जमलेल्या पाहुण्यांना टॉवेलची किनार कशी शिवतात आणि तिथं कशी शिवलेली नाही हे समजावलं. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी सिद्धाप्पाच्या गळ्यात हात टाकून त्याला सांगितलं की मी तुला बघायला आलोय, पण हे गुपित आहे, तुलाही कळू द्यायचं नाही. तो म्हणाला, 'व्हय, कुणाला सांगत न्हाय.' तिसऱ्या ग्लासात त्यानं लिंबूपाणी दिलं होतं म्हणे. त्यानं मला जिना चढवला, खोलीवर सोडलं आणि केराला म्हणाला की यांना ऊन लागलंय. सात वाजले होते. तपास असा पूर्ण झाला की पोरगा पीत नाही, आणि त्याची तपासणी करायला गेलेला माणूस पितो हे त्याला कळलं.

आता टॉवेल. इथं दाजींनी 'मुद्द्याचं बोल' म्हणायला हरकत नाही, कारण मुद्दा जवळ आलाय. पहिल्या दिवशी फिरून आलो तर पलंगावर दोन टॉवेल ठेवलेले, त्यांची बदकं केलेली, आणि प्रत्येकावर चाफ्याचं फूल. बाथरूममध्ये टॉवेल होते, ते हॉटेलचे, हे मला कळतं. मी टॉवेलच्या युनिटमध्ये घडी खात्याचा मुकादम आहे, मला टॉवेल शिकवू नये. बाथरूममधल्यांना आम्ही हातही लावला नाही (घरचे नेले होते, टॉवेलवाला परक्या टॉवेलनं अंग पुसत नाही). पण माणसाच्या पुढ्यात, मुद्दाम घडी घालून, वर फूल ठेवून टॉवेल ठेवला तर आपल्याकडं त्याचा एकच अर्थ. तो आहेर. तो घ्यायचा असतो, परत करायचा नसतो, परत करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. एवढ्या जुन्या हॉटेलानं अशा दिवसांत रीत सांभाळलीय याचं मला कौतुक वाटलं. बदकं मोडली, कडा जुळवून नीट घडी घातली आणि बॅगेत ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. केरा म्हणाली, 'लई मान करत्यात की.' मी म्हटलं, पट्टा आहे ना, सगळं यातच.

काल सकाळी आम्ही निघालो. काउंटरवर साफसफाईवाली बाई वही घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली की एकशेचारमधले सहा टॉवेल दिसत नाहीत. पंधरा-वीस माणसं होती. मी म्हटलं ते आमच्याकडंच आहेत, तुम्हीच दिलेत, आणि बॅग उघडून दाखवली. सहाच्या सहा, किनारीला किनार लावून. ती बाई हसली. मागचा एक पाहुणा हसला. आणि मग, आक्का, मला कळलं. मी आयुष्यात दुसऱ्याचा दोराही घेतलेला नाही, आणि ज्याच्या घरात आपली पोरगी जायची त्या पोरासमोर टॉवेलचोर म्हणून उभा होतो. केरानं पदर तोंडाला लावला. सिद्धाप्पा काउंटरमागून बाहेर आला आणि त्या बाईला शांतपणे म्हणाला, 'ते मीच दिलेत. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला टावेलाशिवाय निरोप देत न्हाईत. माज्या नावावर लिवा.' एवढंच. बाईनं लिहिलं.

दाजी, आता नीट ऐका. त्यानं एवढ्या लोकांत माझी अब्रू झाकली, आणि मी त्याला काहीच न देता निघायचं? केराच्या पिशवीत एक टोपी, आमच्या युनिटचा नवा टॉवेल, नारळ आणि कुंकवाची डबी कायम असते. वाटेत कुणाचं काय निघेल सांगता येत नाही, म्हणून ती त्याशिवाय घर सोडत नाही. मी ते सगळं काढलं. भावनेच्या भरात पोराच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, केरानं कुंकू लावलं, हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर धावत आला आणि त्यानं फोटो काढला. पोराचे कान लाल झाले होते. त्यानं दोघांच्या पाया पडून मला पहिल्यांदा 'मामा' म्हटलं, आणि आम्ही गाडी धरली.

कोल्हापूरच्या स्टँडवर शेंगा सोलता सोलता केरा म्हणाली, 'पोरीच्या मामानं पोराला टावेल-टोपी केली, कुंकू लावलं, नारळ दिला, चार मानसांनी बघितलं. मग ऱ्हायलं काय?' माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. दाजी, अक्षता तेवढ्या राहिल्यात. मी आभार मानायला गेलो आणि सुपारी फोडून आलो. चूक माझी आहे, जो काय राग काढायचा तो माझ्यावर काढा. पण झालेला मान परत घेता येत नाही हेही तुम्हीच शिकवलंय. मामाच्या हातून एकदा टोपी चढली आणि ती आपण उतरवली, तर आपल्या चार गावांत पुन्हा कुणी आपल्या हातची टोपी घालणार नाही.

दाजींना साष्टांग नमस्कार, तुझ्या पायांना हात, शेळ्यांना आणि बोकडाला केराकडून विचारपूस. दाजी काय म्हणतात ते कळव.

तुझा धाकटा भाऊ,
बिरुदेव

ता. क. दाजींना विनंती अशी की मोहोळच्या लोकांना हे पत्र ऐकल्याबरोबर फोन करून रविवारचं येणं थांबवावं. उशीर नको, कारण हॉटेलच्या मॅनेजरनं तो फोटो हॉटेलच्या मोबाइलवरच्या पानावर टाकलाय, 'पाहुण्यांकडून आमच्या कर्मचाऱ्याचा सत्कार' म्हणून, आणि त्यात केराच्या हातातली कुंकवाची डबी स्पष्ट दिसते. मोहोळकरांना तिथून कळण्यापेक्षा दाजींच्या तोंडून कळलेलं बरं.

ता. क. २. सहा टॉवेल परत पाठवत नाही, आहेर आहे. त्याऐवजी युनिटमधून एक डझन नवे पाठवतोय, किनार मी स्वतः बघितलीय.

आता थांब. दाजींना म्हण, पत्र संपलं, आणि चहा ठेवायला आत जा. पुढचं फक्त तुझ्यासाठी आहे.

आक्का, टॉवेलांची चूक खरी. टोपीची नाही. त्या सकाळी सहा वाजता, अजून त्या बाईनं वही काढायची होती, तेव्हाच मी वाळूत उभं राहून प्रियदर्शनीला फोन लावला. म्हटलं, मी तुझा मामा आहे, लातूरचा भांडेवाला नाही, खरं सांग, तुला हा पोरगा पाहिजे का? ती म्हणाली, 'व्हय मामा.' आणि रडली. बायोडाटा आल्यापासून ती दोघं बोलतात, आम्ही येणार हे तिनंच त्याला सांगितलं होतं, लातूर ऐकून त्याला हसू कसं आवरलं देव जाणे. तेव्हाच मी केराला पिशवीतली टोपी वर काढून ठेवायला सांगितलं. दाजींना माघार घ्यायला कुणाची तरी चूक लागते, म्हणून चूक लिहिली.

दुसरं असं. तुझी सुपारी फोडली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. नवऱ्याकडच्यांनी मलाही छोटी टोपी घातली, आणि मी ती घालून दिवसभर गल्लीत मिरवलो. तू आत चुलीपुढं बसली होतीस, सोळा वर्षांची, आणि तुला कुणी काही विचारलं नव्हतं. दाजी चांगले निघाले, हे तुझं नशीब. पण विचारलं नव्हतं, आणि मी टोपीत होतो. हे मला इतकी वर्षं लागून आहे.

आणि आता बघ, पोरीला विचारलं, पोराला बघितलं, दाजींची समजूत घालतोय, मोहोळकरांचीही सोय केली, आणि या सगळ्यात तुला पुन्हा कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. वर लिहिलंय, दाजी काय म्हणतात ते कळव. ते राहू दे. पोरगी इतक्या लांब समुद्राकाठी जाईल, तुला चालेल का, एवढं कळव. तू नाही म्हणालीस तर मी स्वतः कोकणात जाऊन टोपी उतरवून आणतो, मग चार गावं काय म्हणायचं ते म्हणोत.